होम थिएटरचा नवा ऑडिओ प्रोसेसर: घ्यावा की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा प्रोसेसर आला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: चॅनेल किती आणि पुढच्या पट्टीवर लोगो किती. घरी आणल्यावर मात्र कानाला फरक जाणवतो तो बेसमध्ये, आणि डोक्याला ताप होतो तो एचडीएमआयचा. त्यामुळे इथे सगळ्यात जास्त जागा या दोन विषयांना दिली आहे.

ऑडिओ प्रोसेसर म्हणजे नक्की काय? एव्ही रिसीव्हरपेक्षा वेगळा कसा?

रिसीव्हरमधून ॲम्प्लिफायर काढून टाकला की जे उरतं, तो प्रोसेसर. डॉल्बी, डीटीएस वगैरे फॉरमॅट उलगडणं, प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि अंतर जुळवणं, बेस सबवूफरकडे वळवणं, एचडीएमआयचं चित्र पुढे टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला देणं, एवढी कामं तो करतो. स्पीकर हलवायला लागणारी ताकद त्याच्यात नसते. मागे स्पीकरची टर्मिनल नसतात, फक्त आरसीए किंवा एक्सएलआर आउटपुट असतात. म्हणजे पॉवर ॲम्प वेगळा घ्यावा लागतो, आणि ७.१.४ मांडणीसाठी (सभोवती सात स्पीकर, एक सबवूफर, डोक्यावर चार) अकरा चॅनेलचा. हे हिशेबात न धरता प्रोसेसरची किंमत रिसीव्हरच्या किमतीशी ताडून पाहणारे बरेच असतात.

मग इतका खटाटोप करून मिळतं काय?

पहिली गोष्ट, ॲम्प्लिफायर एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. जुना होतो तो प्रोसेसर, कारण फॉरमॅट आणि एचडीएमआय बदलत राहतात. दोन्ही वेगळे असले की बदलायचा असतो फक्त एक डबा. दुसरी, जड स्पीकर किंवा मोठी खोली असेल तर हवी तेवढी ताकद हव्या त्या चॅनेलला देता येते. तिसरी आणि माझ्या मते खरी: वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरमध्ये दोन, तीन, चार सबवूफर स्वतंत्रपणे हाताळता येतात आणि रूम करेक्शनची, म्हणजे मायक्रोफोनने खोली मोजून आवाज दुरुस्त करणाऱ्या सोयीची, चांगली आवृत्ती मिळते.

डीएसी चिप (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारी) भारी असली की आवाज भारी, हे खरं का?

नाही. चांगल्या बांधणीच्या दोन यंत्रांचा आवाज समान पातळीवर आणून, करेक्शन बंद ठेवून, डोळ्यांआड ऐकवला तर कोणता कुठला हे सांगणं फार कठीण जातं. जाहिरातीत चिपचं नाव ठळक छापलेलं असतं, कारण ते छापायला सोपं असतं.

रूम करेक्शन खरंच काम करतं, की नुसता गाजावाजा?

काम करतं, पण सगळीकडे सारखं नाही.

आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पाच मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद (भिंतींमध्ये घुमणारा सूर) ३४३ भागिले १० (लांबीची दुप्पट), म्हणजे साधारण ३४ हर्ट्झला येतो. त्या वारंवारतेचा सूर वाजला की तो भिंतींजवळ घुमतो आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. रुंदीचे आणि उंचीचे अनुनाद वेगळे, त्यांच्या पटीतले आणखी वेगळे. म्हणून एकाच स्फोटाचा आवाज सोफ्याच्या एका टोकाला छातीत बसतो आणि दुसऱ्या टोकाला 'ठप्प' एवढाच ऐकू येतो. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच राज्य चालतं, आणि करेक्शनची सगळ्यात मोठी कमाई तिथेच होते. फुगलेले सूर खाली आले की संवाद अचानक स्पष्ट वाटू लागतात, कारण त्यांच्यावरचं बेसचं सावट निघून जातं.

त्या पट्ट्याच्या वर जरा जपून. चांगला स्पीकर मुळात सपाट बनवलेला असतो. खोलीतली परावर्तनं मोजून यंत्राने त्याचा वरचा पट्टा 'सुधारायला' घेतला की कधी कधी आवाज रुक्ष होतो. म्हणून करेक्शन कोणत्या वारंवारतेपर्यंत चालवायचं हे ठरवता येतं का, हे घेण्याआधी नक्की पाहा. डिराक लाइव्ह आणि ऑडिसी या करेक्शनच्या दोन पद्धती: डिराकमध्ये ही मर्यादा ओढता येते, ऑडिसीमध्ये ती मोबाइल ॲपमधून ठरवता येते. नव्या प्रोसेसरमध्ये हा पर्यायच नसेल तर मी त्याला फायद्यांच्या रकान्यात धरणार नाही.

करेक्शनने काय दुरुस्त होत नाही?

खड्डे. अनुनादाचा उंचवटा यंत्र कापू शकतं, पण जिथे सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना मारतात, तिथे कितीही ताकद ओतली तरी दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि खड्डा तसाच राहतो. वर सबवूफर उगाच हाफतो. डोकं मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर असा खड्डा साधारण ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो. सोफा थोडा पुढेमागे केला की तो दुसरीकडे सरकतो, आणि या उपायाला खर्चही नाही.

दुसरा उपाय म्हणजे दोन सबवूफर. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला की त्या दिशेचा पहिला अनुनाद बराचसा मिटतो आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना साधारण सारखा बेस मिळतो. प्रोसेसरला दोन सबवूफर आउटपुट असले तरी ते स्वतंत्र आहेत की आत एकच सिग्नल दुभागलेला आहे, हे मॅन्युअलमध्ये शोधा. माहितीपत्रकात दोन्हीला '२ सब आउट' असंच लिहितात.

घुमणारी रिकामी खोली हाही करेक्शनच्या आवाक्याबाहेरचा विषय. तिथे जाड पडदे, गालिचा आणि भिंतीवरची शोषक पॅनेल लागतात.

मापन करताना मायक्रोफोन कुठे ठेवायचा?

स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही आणि हातात धरून तर मुळीच नाही. पाठ उंच असेल तर मायक्रोफोन तिच्यापासून थोडा पुढे किंवा वर घ्या, नाहीतर उशीवरून परतलेला आवाजही मोजला जातो. पहिलं मापन मुख्य आसनावर, डोक्याच्या मध्याशी. बहुतेक पद्धतींमध्ये अंतर आणि पातळी याच मापनावरून ठरतात, त्यामुळे ते नीट घ्या. पुढची मापनं त्याच्या आसपास, थोडी डावी-उजवी, थोडी पुढे, थोडी वर. पंखा, एसी, फ्रिज बंद. आणि सूर वाजत असताना स्पीकर आणि मायक्रोफोनच्या मधे उभं राहायचं नाही. शक्य असेल तर खोलीबाहेरच जा.

मापन झाल्यावर सबवूफर साडेतीन मीटरवर असताना यंत्र सहा मीटर दाखवतंय. बिघडलंय का?

बरोबर आहे, हात लावू नका. यंत्र टेपने अंतर मोजत नाही, आवाज पोचायला लागलेला वेळ मोजतं. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा निघतो. एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर, त्यामुळे सात-आठ मिलिसेकंदांच्या उशिराचे अडीच मीटर सहज वाढतात. टेप घेऊन तो आकडा 'खरा' केला की सबवूफर आणि समोरचे स्पीकर एकमेकांशी जुळेनासे होतात.

बदलायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. समोरचे स्पीकर 'लार्ज' (सगळा बेस स्वतः वाजवणारे) धरले गेले असतील तर 'स्मॉल' (बेस सबवूफरकडे देणारे) करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती वारंवारता, ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. चित्रपटाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सची शिफारसही तीच आहे. सबवूफरची पातळी यंत्राने कमीत कमी आकड्याला, म्हणजे उणे १२ वगैरेला नेली असेल, तर सबवूफरवरचं बटण खाली घेऊन मापन पुन्हा करा. यंत्राला त्याहून खाली जाता आलं नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

सोळा चॅनेल लागतात का?

बहुतेकांना नाही. डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा फॉरमॅट) २०१२ मध्ये चित्रपटगृहात आलं आणि २०१४ मध्ये घरात. कागदावर घरगुती मांडणी जमिनीलगतचे २४ आणि डोक्यावरचे १० स्पीकर इथवर जाते. प्रत्यक्षात घरच्या आवृत्तीत आवाजाच्या वस्तू (जागा ठरवून हलवता येणारे सुटे आवाज) मोजक्या गटांत बांधून दिलेल्या असतात, आणि काही डिस्कवर तर मिश्रण थेट ७.१.४ च्या ठरलेल्या जागांसाठीच छापलेलं असतं. अशा चित्रपटात हौसेने लावलेले 'फ्रंट वाइड' (समोरच्या आणि बाजूच्या स्पीकरच्या मधले) स्पीकर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गप्प बसतात. ॲटमॉसच्या प्रतिस्पर्धी, साध्या डीटीएस:एक्सचीही धाव ७.१.४ पर्यंत, त्यापुढे 'प्रो' आवृत्ती लागते.

आसनांच्या दोन-तीन रांगा असतील तर जास्त चॅनेलना अर्थ आहे. एका सोफ्याच्या खोलीत बारावा स्पीकर लावण्यापेक्षा दुसरा सबवूफर आणा.

स्ट्रीमिंगवरही ॲटमॉस मिळतं. मग डिस्क आणि एवढा प्रोसेसर कशाला?

स्ट्रीमिंगचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेलं असतं, सेकंदाला सहसा ७६८ किलोबिट किंवा त्याहून कमी. ब्ल्यू-रे डिस्कवर ते ट्रूएचडीमध्ये असतं, ज्यात काहीही गाळलेलं नसतं आणि वेग १८ मेगाबिटपर्यंत चढू शकतो. फरक ऐकू येतो, पण आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही. फक्त स्ट्रीमिंगच पाहत असाल तर प्रोसेसरवरचा खर्च वाया जात नाही, कारण करेक्शन आणि बेसची हाताळणी दोन्हीकडे तितकीच लागू पडते. ट्रूएचडी चालतं म्हणून मात्र तो घेऊ नका.

एचडीएमआय २.१ असलाच पाहिजे का? आणि २.२ ची वाट पाहावी का?

चित्रपटच पाहणार असाल तर २.०, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, अजूनही पुरतं. ४के चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. नव्या गेम कन्सोलसाठी ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर २.१ लागतं. त्याची कमाल ४८ गिगाबिट असली तरी अनेक यंत्रं ४० देतात आणि १०-बिट रंगाच्या ४के १२० ला तेवढे पुरतात. मेख अशी की पेटीवर '२.१' लिहिण्यासाठी त्यातली सगळी वैशिष्ट्यं द्यायचं बंधन नाही. त्यामुळे क्रमांक न पाहता किती गिगाबिट, कोणत्या पोर्टवर आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे चित्राचा वेग बदलण्याची सोय) आहे का, हे विचारा.

२.२ हे मानक २०२५ मध्ये जाहीर झालं, कमाल ९६ गिगाबिट. त्यासाठी थांबायचं कारण मला दिसत नाही. तेवढा वेग खाणारा चित्रपट घरात यायला वेळ आहे.

एचडीएमआयबद्दल इतक्या तक्रारी का येतात?

कारण प्लेअर, प्रोसेसर आणि टीव्ही अशा तीन यंत्रांना दर वेळी एकमेकांची ओळख पटवून, कॉपी-संरक्षणाच्या चाव्या तपासून मग चित्र सोडायचं असतं. त्यातलं एक जरी अडखळलं तरी पडदा काळा. २०२० साली आलेल्या काही रिसीव्हरमध्ये तर २.१ च्या चिपमध्येच दोष निघाला होता आणि कन्सोलवरून ४के १२० चं चित्र पाठवलं की पडदा काळा पडायचा. तो दोष सॉफ्टवेअरने पुरता सुटण्यासारखा नव्हता. ज्यांनी पहिल्या महिन्यात पेट्या उचलल्या, त्यांनी तो सोसला.

केबलही पाहा. ४८ गिगाबिटची साधी तांब्याची केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. प्रोजेक्टर छताला लावणाऱ्यांनी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी, आणि तिला दिशा असते हे भिंतीत पुरण्याआधी तपासावं.

टीव्हीच्या ई-आर्कवरून (एचडीएमआय केबलनेच टीव्हीतला आवाज उलट प्रोसेसरकडे पाठवणारा मार्ग) आवाज घेतला तर चालेल?

चालेल. २००९ च्या जुन्या आर्कवरून दाबलेलाच बहुचॅनेल आवाज येतो, ई-आर्कवरून ट्रूएचडीसकट सगळं येऊ शकतं. गेमवाल्यांना तर मी हाच मार्ग सुचवेन: कन्सोल थेट टीव्हीला, आवाज ई-आर्कने प्रोसेसरला. मग प्रोसेसरच्या एचडीएमआयची काळजीच उरत नाही. अडचण एकच, बरेच टीव्ही डीटीएस पुढे जाऊ देत नाहीत. डिस्क प्लेअर असेल तर तो तरी प्रोसेसरलाच लावा.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत. दोष प्रोसेसरचा का?

बहुतेकदा टीव्हीचा. चित्रावरचे संस्कार करायला टीव्हीला वेळ लागतो आणि आवाज पुढे निघून जातो. माणसाला आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत सहसा लक्षात येत नाही. दूरचा आवाज उशिराच येतो, याची कानाला जन्मापासून सवय आहे. प्रोसेसरमध्ये 'ऑडिओ डिले' असतो, तो वाढवा. आवाज मागे पडत असेल तर प्रोसेसर काही करू शकत नाही, कारण न आलेला आवाज त्याला आधी वाजवता येत नाही. तेव्हा टीव्हीचा गेम मोड बंद करून पाहा.

ॲम्प किती वॅटचा लागेल?

हिशेब करून पाहू. स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल, म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८८. तीन मीटरवर ती साधारण साडेनऊने घटते, उरले ७८.५. चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीवर मुख्य चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलला जातात. घरात बहुतेक लोक त्याच्या १५ खाली ऐकतात, म्हणजे शिखर ९०. त्यासाठी साडेअकरा डेसिबल वर जायचं, तर लागतात चौदा-पंधरा वॉट. संदर्भ पातळीवरच ऐकायचं म्हटलं की तोच आकडा साडेचारशेपर्यंत उडी मारतो. खोलीतल्या परावर्तनांमुळे प्रत्यक्षात थोडे कमी लागतील.

म्हणून आधी तुम्ही किती मोठ्याने ऐकता ते ठरवा. शंभरचा ॲम्प काढून दोनशेचा घेतला तर फक्त ३ डेसिबल मिळतात, आणि तेवढा बदल जेमतेम जाणवतो.

एक्सएलआर की आरसीए?

ॲम्प शेजारीच असेल तर काहीही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर एक्सएलआर. त्यातल्या दोन तारांवर सिग्नल उलटसुलट जातो आणि वाटेत घुसलेला गोंगाट पलीकडे वजा होतो.

स्पीकरमधून अखंड 'हूं' येत असेल तर तो बहुधा अर्थिंगचा फेरा असतो. अनेकदा गुन्हेगार टीव्हीला आलेली केबल निघते, ती काढून ऐका. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुठे मिळाला तर ऐकू नका. हूं जाईल, पण यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती तुमच्यातून जमिनीत जाईल.

मी जास्त करून दोन स्पीकरवर संगीत ऐकतो. मला फायदा आहे का?

सबवूफर असेल तर आहे, बेसच्या त्याच कारणासाठी. एक गोष्ट माहीत असू द्या: करेक्शन चालू असताना अनेक प्रोसेसर ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची फाइल आत ४८ वर आणतात. कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ आणि ४८ मध्ये २४ पर्यंतचं बसतं, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी 'प्युअर डायरेक्ट' बटण दाबावं. मग करेक्शनही जातं आणि बहुधा सबवूफरही.

नवं मॉडेल आल्याआल्या घ्यावं की थांबावं?

थांबावं. प्रोसेसर म्हणजे आता अर्धाअधिक सॉफ्टवेअर. 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' असं लिहिलेलं वैशिष्ट्य नाहीच असं धरून किंमत पटते का ते बघा. काही यंत्रांत डिराकचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि अनेक सबवूफर हाताळणारा भाग आणखी वेगळा. फ्रान्सच्या ट्रिनोव्हसारख्या कंपन्या तर प्रोसेसर संगणकाच्या पायावरच बांधतात, त्यामुळे नवे फॉरमॅट सॉफ्टवेअरने घालता येतात, पण त्या वर्गाची किंमतही तशीच असते. नव्या मॉडेलचा धीर धरवत नसेल तर निदान परत करण्याची मुदत किती ते आधी विचारा आणि त्या मुदतीत आपली सगळी यंत्रं, सगळे पोर्ट, सगळे रिझोल्यूशन तपासून घ्या.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि बहुतेकांसाठी तोच योग्य. प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पसाठी सिग्नल देणारी आउटपुट) असलेला चांगला रिसीव्हर घ्या, समोरच्या तीन स्पीकरसाठी वेगळा ॲम्प लावा, बाकीचे आतल्यावर चालू द्या. काही रिसीव्हरमध्ये आतला ॲम्प पूर्ण बंद करून नुसता प्रोसेसर म्हणून वापरायची सोयही असते. अकराही चॅनेल बाहेरच्या ॲम्पवर न्यायचे असतील, तेव्हाच खऱ्या प्रोसेसरचा विचार करा.

कोणी अजिबात घेऊ नये?

ज्यांच्याकडे ५.१ आहे आणि वाढवायची जागा नाही. ज्यांचा सेंटर स्पीकर कपाटाच्या खणात कोंबलेला आहे. आणि ज्यांच्या घरात चित्रपट लावणारी व्यक्ती एकच आहे, पण रिमोट चारजण हाताळतात. तीन-चार यंत्रं ठरावीक क्रमाने चालू व्हावी लागतात आणि त्यातला एखादा ॲम्प झोपलेला राहिला की घरभर हाक मारली जाते. ट्रिगरच्या तारा (एक यंत्र चालू होताच दुसऱ्याला जागं करणाऱ्या) जोडल्या की हे बरंचसं सुटतं, पण जोडणारे थोडे.

फर्मवेअर अपडेट केल्यावर सगळी सेटिंग गेली. आता?

बॅकअप असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर मापन पहिल्यापासून. म्हणून अपडेट दाबण्याआधी सेटिंग पेनड्राइव्हवर किंवा ॲपमध्ये साठवा आणि क्रॉसओव्हर, पातळी, अंतर या तीन पानांचे मोबाइलने फोटो काढा. फोटो यासाठी की काही यंत्रं जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीत उघडतच नाहीत. मायक्रोफोन दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही, त्यामुळे तो खोक्यातच जपून ठेवा. आणि सगळं नीट चालत असेल, अपडेटच्या यादीत तुमच्या कामाचं काही नसेल, तर अपडेट करूच नका.